तीन सेकंदांची गाडी, रात्रभराचं चार्जिंग

गेल्या अंकात घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांमधली निम्मी पत्रं वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांची निघाली. टायकन, सायबर्स्टर, सील, बीई ६. या गाड्या रोजच्या वापराला परवडतात का, चार्जिंगचं काय, हाच प्रश्न सगळ्यांचा. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. मी विजेच्या कामाची परवानाधारक ठेकेदार. पुण्यात २६ वर्षं वायरिंग करते आहे आणि गेली काही वर्षं त्यात गाड्यांच्या चार्जरचीच कामं जास्त असतात. २०२४ पासून मी स्वतः बीवायडी सीलचं परफॉर्मन्स मॉडेल चालवते. शून्यावरून शंभरला ३.८ सेकंदांत जाणारी गाडी आहे. ती मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते. पण गाडी सुखाची होणार की डोक्याला ताप, हे ठरतं पार्किंगमधल्या भिंतीवर. आजच्या पत्रांमधून तेच दिसेल.

ताई, आम्ही बाणेरला सोसायटीत राहतो. २०२२ ची पोर्शे टायकन सेकंडहँड घ्यायचं जवळपास पक्कं झालंय. ऑफिस हिंजवडीला, जाऊन-येऊन ३० किलोमीटर. पार्किंग तिसऱ्या बेसमेंटला, मीटर रूम तळमजल्यावर. विकणारे म्हणतात, २२ किलोवॉटचा चार्जर लावा, नाहीतर या गाडीला अर्थ नाही. सोसायटीची कमिटी म्हणते, आग लागेल, चार्जर नकोच. मी मधल्यामध्ये अडकलोय. – एक वाचक, बाणेर, पुणे

२२ किलोवॉटचा विचार आधी डोक्यातून काढा. भिंतीवर कितीही मोठा डबा लावला, तरी एसी वीज बॅटरीत भरण्याचं काम गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो, आणि तो जेवढी घेतो तेवढीच वीज आत जाते. टायकनमध्ये तो मुळात ११ किलोवॉटचा असतो, २२ चा वेगळे पैसे भरून मिळायचा. तुमच्या गाडीत कुठला आहे, हे पहिल्या मालकाच्या बिलावर किंवा सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन कळेल. त्याच फेरीत दोन गोष्टी आणखी विचारून घ्या: एखादा रिकॉल बाकी आहे का, आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट. या दोन कागदांशिवाय सेकंडहँड गाडीचे पैसे देऊ नका.

आता हिशेब करू. मोठी बॅटरी असेल तर ती कागदावर ९३.४ युनिटची, त्यातली वापरायला मिळतात ८४ च्या आसपास. बाणेर-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, १०० किलोमीटरला २५ युनिट धरा. ही गाडी सव्वादोन टनांची आहे, शहरात ती कमी खाणार नाही. म्हणजे तुमचं रोजचं खाणं साडेसात युनिट, चार्जिंगमधली गळती धरून आठ-साडेआठ. सिंगल फेजच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर हे सव्वा तासात भरून निघतं. रात्री अकराला प्लग लावला की साडेबाराला काम संपलं, आणि सकाळपर्यंत गाडी नुसती उभी. ज्या दिवशी बॅटरी पार तळाला गेली असेल त्या दिवशी १२-१३ तास लागतील. पण असे दिवस वर्षातून किती येणार?

थ्री फेज कनेक्शन आधीपासून असेल तर ११ किलोवॉटचा लावा, फेजला १६ अँपियर पडतात, पूर्ण बॅटरी नऊ तासांत भरते. तेवढ्यासाठी नव्याने थ्री फेज घेत असाल तर घाई करू नका.

त्याआधी विजेचं बिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं आणि समोर किलोवॉटमध्ये आकडा. माझ्या अनुभवात दहातल्या सात जणांनी तो आकडा आयुष्यात पाहिलेला नसतो. दोन एसी, एक गिझर, मायक्रोवेव्ह आणि वर हा चार्जर एकाच वेळी चालला तर मंजूर भार ओलांडलाच. मग एकतर भार वाढवून घ्या किंवा चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन. महावितरणकडे वाहन चार्जिंगचा दरवर्ग वेगळा आहे. घरगुती मीटरचा दर युनिट वाढतील तसा टप्प्याटप्प्याने चढतो, आणि तुमची गाडी महिन्याला दोनशेच्या वर युनिट घेणार, म्हणजे घरातले पंखेसुद्धा वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. गेल्या सहा महिन्यांची बिलं घेऊन दोन्ही पर्यायांचा हिशेब मांडा. वेगळ्या मीटरमुळे कमिटीशी होणारा अर्धा वादही मिटतो, कारण कोणाची वीज कोण वापरतंय हा प्रश्नच राहत नाही.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती एका वाक्याची: मीटर रूम तळमजल्यावर, गाडी तिसऱ्या बेसमेंटला. केबलचा रस्ता वळणं धरून सहज ६० मीटर होईल. चार्जर विकणारा माणूस त्याच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल देतो. १० मीटरसाठी ती उत्तम आहे. ६० मीटरवर ३२ अँपियर सलग वाहिले की त्या केबलमध्येच १२ व्होल्टच्या आसपास गळून जातात, म्हणजे ५ टक्के वीज तुम्ही बेसमेंटची हवा तापवण्यात घालवणार, तीही रोज रात्री. १० स्क्वेअर एमएम घेतली तर हीच घट ७ व्होल्टवर येते. फरकाचे पैसे एकदाच जातात. केबल आर्मर्ड घ्या, ट्रेमधून न्या, आणि मध्ये कुठेही सांधा नको. एकाच तुकड्यात वरून खालपर्यंत.

दुसरी गोष्ट आरसीसीबीची, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणाऱ्या स्विचची. घराच्या डीबीत, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीत, बहुतेक वेळा टाईप एसीची असते, ती फक्त एसी गळती ओळखते. गाडीच्या चार्जिंगमध्ये बिघाड झाला तर डीसी करंट गळू शकतो, आणि तो गळू लागला की टाईप एसीची आरसीसीबी आंधळी होते. समोर माणसाला शॉक बसत असला तरी पडत नाही. म्हणून चार्जरच्या लाईनला स्वतंत्र ३० मिलीअँपियरची, डीसी गळतीही ओळखणारी टाईप बी, किंवा चार्जरमध्ये ६ मिलीअँपियरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाईप ए. चार्जरच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. इलेक्ट्रिशियन "चालतंय ओ, सगळीकडे हीच लावतो" म्हणाला, तर त्याला नमस्कार करून दुसरा शोधा.

कमिटीवर रागावू नका. त्यांच्या भीतीला उत्तर कागदाने द्यायचं असतं. एका पानावर रेषाचित्र काढून घ्या: मीटर, एमसीबी, आरसीसीबी, केबलचा आकार आणि लांबी, चार्जर, अर्थिंग. परवानाधारकाची सही आणि शिक्का घ्या. मी अशा कितीतरी बैठकांना बसले आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ आणि सही असलेला कागद यात सभासद कागदावर विश्वास ठेवतात. सोबत कमिटीला हेही सुचवा की आज एक गाडी आहे, पाच वर्षांनी वीस असतील. वीस जणांनी एकदम ७ किलोवॉट ओढले तर १४० किलोवॉट होतात. तेव्हा सगळ्यांमध्ये भार वाटून देणारी यंत्रणा लागणार. तिच्यासाठी केबल ट्रेमध्ये आत्ताच जागा राखून ठेवा.

मॅडम, आम्ही ठाण्याचे. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ घेतली, ७९ ची बॅटरी. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर घरात वाद आहे, पण पळते छान. कंपनी सांगते २० मिनिटांत २० ते ८० टक्के. आम्ही द्रुतगती मार्गावर थांबलो तेव्हा तेवढ्यालाच दीड तास लागला. दर आठवड्याला पुण्याला जातो. आमची फसवणूक झाली का? – ठाणे

फसवणूक नाही. २० मिनिटांचा तो आकडा थेट बॅटरीत वीज भरणाऱ्या १७५ किलोवॉटच्या डीसी चार्जरवरचा आहे. ७९ चे ६० टक्के म्हणजे ४७ युनिट. ती ३० किलोवॉटच्या बंदुकीतून, म्हणजे गाडीत खोचायच्या चार्जरच्या प्लगातून, भरायला दीड तासच लागणार, ६० वर पाऊण तास. आपल्याकडे अजून ३० आणि ६० चेच चार्जर जास्त भेटतात, आणि त्यात एक गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते: डब्यावर ६० लिहिलेलं असतं, बंदुका दोन असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. तुमच्या शेजारी कोणी होतं का, आठवून पाहा.

भरण्याचा वेगही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसतो. ८० टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच करंट कमी करत जाते, पेशींना जपायला. म्हणून वाटेत ८० च्या वर थांबण्यात वेळ जातो, हाती फार लागत नाही.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. तुम्ही वाटेत थांबलातच का? ठाणे ते पुणे दीडशे किलोमीटर. शंभरच्या मर्यादेत चालवली तर ही गाडी १०० किलोमीटरला १७-१८ युनिट घेईल. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरला ५४ युनिट होतात, बॅटरी ७९ ची आहे. म्हणजे घरून भरून निघालात तर पुण्याला जाऊन परत येईपर्यंत चार्जरचं तोंड बघायची गरज नाही. तुम्ही बहुधा निम्म्या बॅटरीवर निघाला होतात. शुक्रवारी रात्री प्लग लावायची सवय करा, दीड तासाचा प्रश्न तिथेच संपतो.

घाटाची भीती बऱ्याच जणांनी लिहिली आहे, तेव्हा तोही हिशेब इथेच मांडते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण ५६० मीटरचा. माणसांसकट गाडी २४०० किलोची धरली तर तेवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला ३.७ युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून सव्वाचार. बॅटरीचे पाच-सहा टक्के. परतीच्या उतारावर मोटर जनरेटर होते आणि त्यातला मोठा भाग परत देते. मी खंडाळ्याहून खाली येताना टक्क्यांचा आकडा वाढताना बघते आणि दर वेळी मला पहिल्यांदा डायनॅमोवर सायकलचा दिवा लागला होता तेव्हासारखंच वाटतं. फक्त लोणावळ्यात मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८०-८५ वर निघा.

वेगाचंही सांगते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की किलोमीटरमागे हवेशी भांडायला दीडपटीहून जास्त वीज जाते. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून तो वेग धरलात तर कागदावरची रेंज विसरा.

काकू, मी कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दादांनी, म्हणजे वडिलांनी, तुमच्यासारखीच सील घेतली. ते दर रात्री अंगणातल्या १५ अँपियरच्या प्लगवर लावतात. मध्ये एक एक्स्टेन्शन बोर्ड आहे कारण गाडी प्लगपर्यंत पोचत नाही. प्लग गरम होतो. आईने सांगितलं की वास येतो. दादा म्हणतात, गिझरचाही प्लग गरम होतो. कोण बरोबर? – कोल्हापूर

अरे, आई बरोबर. याचं उत्तर तुला मी आधीच फोनवर दिलंय, तरी बाकीच्यांसाठी पुढे सविस्तर लिहिते. मधली दोन छोटी पत्रं आधी संपवू दे.

आम्ही श्टुटगार्टला असतो. गाडी टायकन. सहा आठवडे भारतात येतोय. गाडी प्लगला लावून ठेवू का? – एक वाचक, जर्मनी

नको. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि प्लग काढून या. बॅटरीला पूर्ण भरलेलंही आवडत नाही आणि पूर्ण रिकामंही. मोबाईलवर ॲप सारखं उघडून गाडीला जागं करू नका, त्याने लहान १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा संपर्क जोडणारा स्विच या छोट्या बॅटरीवर चालतो. परत गेल्यावर पहिले दोन-चार किलोमीटर ब्रेक जरा दाबून चालवा, उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. या गाड्या रोजचं थांबणं मोटरवरच भागवतात, त्यामुळे डिस्क आपोआप घासून साफ होत नाहीत. आपल्या पावसाळ्यात इथल्यांनीही हे लक्षात ठेवावं.

नमस्कार ताई. मी डॉक्टर आहे, वय ५२, नाशिक. मुलं बाहेर गेली. आयुष्यभर सात सीटांची गाडी चालवली, आता स्वतःसाठी एमजी सायबर्स्टर घ्यावीशी वाटते. घर ते दवाखाना नऊ किलोमीटर, त्यात स्पीडब्रेकर अकरा. आई ७६ वर्षांची, तिला महिन्यातून दोनदा तपासणीला न्यावं लागतं. चार्जर पोर्चमध्ये, पाऊस तिरका आला की भिजतो. सगळे म्हणतात वेडेपणा करू नकोस. – नाशिक

डॉक्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा वेडेपणा नाही. तीस वर्षं घरादाराला घेऊन गाडी चालवल्यावर बाईला स्वतःसाठी दोन सीटांची गाडी हवी वाटली, तर ती तिने घ्यावी. आता अडचणी बघू.

चार्जिंगची तुम्हाला अडचणच नाही. ७७ युनिटची बॅटरी आणि रोजचे १८ किलोमीटर. आठवड्यातून एकदा रात्री लावलीत तरी भागेल. तिची बॅटरी सीलसारखी लोह-फॉस्फेटची नाही, निकेलच्या जातीची आहे, म्हणून रोज १०० टक्के भरू नका, ८० वर थांबवा, गाडीत तशी मर्यादा लावता येते. माझ्या सीलचं उलट आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती भरली याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. मी ती अधूनमधून पूर्ण भरते, म्हणजे हिशेब ताळ्यावर येतो. शेजाऱ्याने सांगितलेला नियम आपल्या गाडीला लावण्याआधी बॅटरी कुठल्या जातीची ते बघावं.

पावसाबद्दल: गाडीची बंदूक खोचली की लगेच वीज येत नाही. आत एक बारीक पायलट तार असते, तिच्यावरून आधी चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात, जोडणी नीट बसली, अर्थिंग जागेवर आहे, याची खात्री झाली की मगच आतला संपर्क जोडला जातो. ओढून काढताना आधी वीज तुटते, मग बंदूक सुटते. म्हणून ओल्या हाताने भिंतीवरचा पंख्याचा स्विच दाबण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. तरी चार्जर बाहेरच्या वापरासाठीचा घ्या, वर पत्र्याचं छोटं छज्जं काढा, आणि बंदूक जमिनीवर टाकून ठेवू नका. डबक्यातली माती तिच्या भोकांत बसते.

आता आई. याचं उत्तर शोरूममध्ये आईला नेल्याशिवाय मिळणार नाही. बसायची जागा जमिनीपासून फार खाली आहे. बसताना माणूस टेकतो आणि बसतो, खरी परीक्षा उठताना असते. दार कात्रीसारखं वर जातं, त्यामुळे उठताना धरायला नेहमीसारखं बाजूला उघडलेलं दार मिळत नाही. माझ्या एका ग्राहकाच्या वडिलांचा गुडघा अशाच खोल सीटवर अडकला होता, दोघांनी काखेत धरून काढावं लागलं. ते मला अजून आठवतं कारण आजोबांचा चेहरा उतरला होता. तुमची जुनी गाडी विकू नका, हेच मी सांगेन. महिन्यातले दोन दिवस आईसाठी ती राहू दे. ती विकावीच लागणार असेल, तर चार जण बसणारी नीट उंचीची वेगवान गाडी बघा.

स्पीडब्रेकर: नियमाप्रमाणे उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून ही गाडी जाते. आपल्या गल्लीतला बांधणारा माणूस नियम वाचून बांधत नाही, तो दोन घमेली डांबर ओततो. तुमच्या अकरापैकी तसे किती आहेत? टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका, घर ते दवाखाना घ्या, शेजारी एक माणूस बसवून, म्हणजे गाडी खऱ्या वजनाने दबेल. तिरकं चढवून बघा. खालून घासल्याचा आवाज एकदा जरी आला तरी गंभीरपणे घ्या, कारण या गाड्यांच्या तळाशी बॅटरी आहे. टायकनसारख्या गाडीत एअर सस्पेन्शन असतं आणि एकदा जिथे गाडी उचलली ती जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी ती आपोआप उचलते. अशी सोय जिथे नाही तिथे रस्ताच बदलावा लागतो. एक किलोमीटर लांबचा पण सरळ रस्ता असेल तर तो धरा.

आता कोल्हापूरच्या मुलाला.

बाळा, दादांना हा हिशेब वाचून दाखव. गिझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी १३ अँपियर सलग दोन-अडीच तास ओढते. प्लगची पितळी पिन आणि सॉकेटच्या पात्या यांची पकड जुनी झाली, सैल झाली, की तिथे थोडासा रोध तयार होतो. तो एक दशांश ओहम जरी धरला, तरी १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत. तुझ्या कॉलेजच्या लॅबमधली सोल्डरिंगची साधी पेन २५ वॉटची असते, ती शिसं-कथील वितळवते. हे तुझ्या अंगणात दर रात्री चालू आहे, आणि एक्स्टेन्शन बोर्डमुळे असे सांधे एकाऐवजी दोन. आईला आलेला वास प्लास्टिकचा आहे. बोर्ड उघडलास तर पिनांभोवती तपकिरी कडं दिसेल.

आज रात्री त्या प्लगवर गाडी लावू नका, आणि एक्स्टेन्शन तर कधीच नाही. लावावीच लागली तर नवं औद्योगिक सॉकेट बसेपर्यंत करंट ८ अँपियरवर आणा. उष्णता करंटच्या वर्गाने उतरते, १७ वॉटची ६.४ होते. दादांचं गोकुळ शिरगावला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर आहे, असं तू फोनवर म्हणालास. त्याला सहा युनिट लागतात, ८ अँपियरवर ती साडेतीन तासांत भरतात. घाई कशाची आहे?

आणि अर्थिंग. यावर मी जरा जास्त बोलते, त्याला कारण आहे. गाडी घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी सांगलीला माहेरी गेले. २३५ किलोमीटर, बॅटरी निम्म्याच्या जरा खाली. संध्याकाळी सोप्यातल्या १५ अँपियरच्या प्लगला गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर लावला, तर लाल दिवा. दुसरा प्लग, तोही लाल. मीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये दीडशे, तेही हलतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ७५. तिथे दोन-तीनच्या वर नको. म्हणजे घराला अर्थिंग नव्हतंच. त्याच घरात माझे ८२ वर्षांचे वडील रोज पहाटे ओल्या फरशीवर उभं राहून पाण्याची मोटर चालू करत होते.

अर्थिंगचा खड्डा तुळशी वृंदावनाच्या मागे. कोळसा-मीठ घालून केलेला, वडिलांनीच करवून घेतलेला. वर माती घट्ट, भेगाळलेली. मी दोन बादल्या पाणी ओतलं. माती फसफसत पाणी पीत राहिली, बुडबुडे आले, आणि ७५ चे ४० झाले. ओलावा गेला होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. सकाळी खड्डा उकरला तेव्हा दिसलं, वरून येणारी पट्टी जिथे प्लेटच्या पाइपला बोल्टने जोडली होती, तिथे मिठाने बोल्ट खाऊन टाकला होता. हातात घेतला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला. गॅल्व्हनाइज्डची नवी पट्टी, नवे नट-बोल्ट, ताजा कोळसा, आणि वर पाणी घालायला नरसाळं. दुपारी मोजलं, ३.८ ओहम. ५ च्या आत आल्याशिवाय मी कुणाच्याच कामावर सही करत नाही, वडिलांच्या घरीही केली नसती. चार्जरचा दिवा हिरवा झाला. वडील खुर्ची टाकून सगळं बघत होते. म्हणाले, "हे गाडीने सांगितलं, नाहीतर कळलं नसतं."

तुमच्या गाडीचा चार्जर हिरवा दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. मध्ये तो एक्स्टेन्शन बोर्ड आहे, आणि कितीतरी स्वस्त बोर्डांत तिसरी तार जोडलेलीच नसते. चार्जर तरीही चालत असेल, तर त्याची अर्थिंग बघायची सोय बंद करून ठेवलेली असू शकते. तसं कोणी "दिवा लाल येतो म्हणून" करून दिलं असेल, तर ते आधी काढा.

उद्या उजेडात मल्टिमीटर घे. तुला तो वापरता येतो. सॉकेटवर तीन मापं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पिनांना हात लावायचा नाही, चप्पल पायात, दादा शेजारी उभे. आधी गाडी न लावता, मग गाडी ८ अँपियरवर लावून अर्ध्या तासाने. सहा आकडे कागदावर लिही आणि मला पाठव. न्यूट्रल-अर्थ तीनच्या वर असेल तर फोनच कर, पत्राची वाट बघू नकोस.